आमच्या माणसाकडून

बेहिजे हानम आमच्या पेपरात आली ती रिटचिंगला.
बारीक कुंचल्याने मंत्र्यांच्या हनुवट्या एकावर आणायच्या,
खासदाराच्या टकलावर थोडे केस पेरायचे.
मी डार्करूममधला पोरगा, वय पंधरा,
हायपोच्या वासाने भूक मेलेला.
फोटोग्राफर तिघे. तिघांच्या गळ्यात जर्मन कॅमेरे,
आणि तिला म्हणायचे, ताई, चहा.
ती आणायची. साखर मात्र विसरायची,
रोज.

झोंगुलदाकमध्ये सगळंच काळं, धुतलेलंसुद्धा:
दोरीवरच्या चादरी, कबुतरं, समुद्राची कड.
आणि खाणीत बाईचं पाऊल पडलं तर खाण रुसते,
हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
तिने चार अर्ज केले. चौथ्यावर साहेबाने शेरा मारला:
खाली खेचरं उतरतात, बायका नाही.
तो कागद तिने घडी घालून पाकिटात ठेवला,
नोटांच्या शेजारी.

मग मार्चमधली ती पहाट.
भोंगा वाजला, आणि थांबेचना.

तिन्ही जर्मन कॅमेरे फाटकापाशी,
मंत्र्याची गाडी येणार म्हणून.
पहारेकऱ्याने हिचा दंड धरला,
"बायका तिकडे, दोराच्या आत."
कोटाखाली कॅमेरा होता, उसना.
त्याला तो दिसला नाही, नुसती बाई दिसली.
त्याच्या त्या चुकीचे उपकार मी अजून मानतो.

दोराच्या आत आया, बहिणी, आणि एक नवी नवरी,
हातात डबा, डबा अजून गरम.
कुणी रडत नव्हतं. रडणं म्हणजे कबूल करणं.
बेहिजेने कॅमेरा डोळ्याला लावला,
डबेवालीने मान वळवली, एवढंच,
आणि हिने तो खाली घेतला.
मग त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली
आणि त्या सगळ्या जिकडे बघत होत्या
तिकडे लेन्स धरली.

भिंतीवर फळी. फळीवर खिळे, खिळ्यांखाली आकडे.
उतरताना माणूस आपला पितळी बिल्ला घेऊन जातो,
वर आला की टांगतो.
ऊन तिरपं होतं.
रिकाम्या खिळ्यांच्याही सावल्या पडल्या होत्या,
लांबच लांब.

रात्री मला म्हणाली, "जा रे घरी, आज रोल मी धुते."
मला वाटलं, माझ्या हातावर भरवसा नाही.
हट्टाने थांबलो.
घरी आईला सांगून आलो होतो,
त्याने पाळी बदलून घेतली असेल, बघ.
लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये डोलत होता.
आधी फळीच्या कडा आल्या, मग आकडे,
एकशे नव्वद, दोनशे तीन,
दोनशे अकरा.
दोनशे अकरा म्हणजे इल्यास, माझा थोरला.
नुसता खिळा.

तिच्या हातात चिमटा होता. तिने कागद उचलला नाही.
तो काळा पडत गेला, कडेपासून मधोमध,
ती बघत राहिली, मी बघत राहिलो.
दुसरा प्रिंट तिने नंतर काढला,
मी बाहेर पायरीवर बसलेलो असताना.

संपादक नाझमी बे म्हणाले, "यात चेहरे कुठे आहेत?"
"ज्यांचे हवेत, ते खाली आहेत."
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
पहिल्या पानावर पाच कॉलम.
आणि खाली बारीक टायपात:
छायाचित्र, आमच्या माणसाकडून.
ती वाचून हसली. त्या दिवशी
तिघांनी आपापला चहा आपण आणला.

आता ती खाण बंद आहे. संग्रहालय झालंय.
तिकीट काढून कुणीही खाली उतरतं,
शाळेच्या मुली जातात, आइस्क्रीम चाटत, किंचाळत.
खाण कुणावर रुसत नाही.
वरच्या खोलीत तो फोटो, काचेशिवाय,
शेजारी पुठ्ठ्याची पाटी: छायाचित्रकार अज्ञात.
दर मंगळवारी मी जातो,
'अज्ञात' खोडतो, वर लिहितो
बेहिजे साराचओलू, नीट, शाळेतल्यासारखं अक्षर काढून.
बुधवारी कुणीतरी पुसून टाकतं.
असू दे.
पेन्सिल स्वस्त आहे, आणि मी रिकामा.